माझ्या विरुद्ध उभ्या राहिलेल्या बाई

मी आयुष्यात एकच निवडणूक लढवली, ग्रामपंचायतीची. त्या निवडणुकीत माझ्याविरुद्ध एकच उमेदवार होत्या, आणि चारचौघांत तोंड उघडून बोलायला मला शिकवलं ते त्यांनीच. हे कुणाला सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, मी वाढवून सांगतेय. पण झालं ते असंच झालं.

गावात सगळे त्यांना बाई म्हणत. रोह्याच्या शाळेत त्यांनी तीसेक वर्षं मुलांना शिकवलं होतं, त्यामुळे नातवंडं असलेली माणसंसुद्धा त्यांना बाईच म्हणायची. त्या बेने इस्राईल, म्हणजे कोकणातल्या यहुदी. आमच्या गावात एके काळी त्यांच्या लोकांची सात-आठ घरं होती, तेलाचे घाणे होते. मी लग्न होऊन आले तोवर एकेक करून सगळी इस्रायलला निघून गेली होती आणि नदीकडच्या पायवाटेच्या टोकाला बाईंचं एकटीचं घर उरलं होतं. नवरा तरुणपणीच गेलेला, मूलबाळ नाही. शनिवार त्यांच्या धर्मात विसाव्याचा; त्या दिवशी त्यांच्या घरात चूल पेटत नसे आणि त्या कुठं बाहेर पडत नसत. बाकीचे सहा दिवस मात्र नऊवारी लुगडं आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट अशा त्या गावभर हिंडत. लुगड्याखाली बूट बघून नवी माणसं हसायची. बाई थांबून म्हणायच्या, “हसून झालं असेल तर सांगते. काटा मोडत नाय आणि भेग पडत नाय.”

ते बूट अमेरिकेचे होते. बाईंची धाकटी बहीण नर्स होती. मुंबईहून ती अमेरिकेला गेली आणि तिथंच तिनं संसार केला. बाई रिटायर झाल्यावर तिनं त्यांना सहा महिन्यांसाठी बोलावून घेतलं. बाई पोचल्या त्या नेमक्या निवडणुकीच्या हंगामात. त्या साली म्हणे तिकडे पूर्वी कधी नव्हत्या एवढ्या बायका उभ्या राहिल्या होत्या, वरच्या मोठ्या सभागृहापासून खाली गावच्या शाळा कमिटीपर्यंत. बाईंची बहीणच शाळा कमिटीला उभी होती. शाळेच्या कमिटीसाठी लोक रांगा लावून मतं देतात, हे बघून जन्मभर शाळेत राबलेल्या बाई थक्क झाल्या. पुढचे दोन महिने त्यांनी थंडीत, अंगात बहिणीच्या नवऱ्याचा कोट घालून, बहिणीच्या मागोमाग घरोघर पत्रकं वाटली.

बहीण हरली. बाई परत आल्या त्या मात्र जिंकून आल्यासारख्या. त्यांच्या ओटीवरच्या भिंतीला अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांतून कापून आणलेले बायकांचे फोटो चिकटवलेले होते. गोऱ्या बायका, काळ्या बायका, एक चष्मेवाली म्हातारी, एक कडेवर मूल घेतलेली. कुणीही ओटीवर टेकलं की विचारायचं, “ही कोण गो बाय, तुझी नातलग?”

“नाय. ही निवडणुकीत हरली.”

“मग फोटो कशाला लावलास?”

“उभी राहिली होती म्हणून.”

जिंकलेल्यांचे फोटो त्यांनी आणलेच नव्हते. त्यांचे सगळीकडे असतात, असं त्यांचं म्हणणं.

अमेरिकेत शिकलेली एक रीत बाईंनी गावात सोडली नाही. तिकडे म्हणे बेल वाजवली की दोन पावलं मागं यायचं. दार उघडणाऱ्याच्या अंगावर आपण नको, त्याला आपण पायापर्यंत दिसलो पाहिजे. आमच्या गावात दिवसा कुणाचं दार बंद नसतं आणि बेल तर नसतेच. पण बाई उघड्या दाराच्या चौकटीवर बोटं वाजवायच्या आणि मोजून दोन पावलं मागं जायच्या. मागं काय आहे ते बघायच्या नाहीत. एकदा त्या भाताच्या वाळवणात उभ्या राहिल्या, एकदा खुराड्याला टेकल्या आणि कोंबड्या चौफेर पळाल्या. “आत ये ना बाई,” म्हटलं की उत्तर यायचं, “तुम्ही बोलावलंत की येते. बोलावण्याआधी नाय.”

आणि एक गोष्ट त्या पुरुषांना आवर्जून सांगायच्या. बहिणीची सभा होती तेव्हा तिचा नवरा शेवटच्या रांगेत तिचा कोट आणि पर्स मांडीवर घेऊन बसला होता. सभा संपेपर्यंत जागचा हलला नाही. “इंजिनीअर हाय तो,” बाई म्हणायच्या, “कुठल्या तरी कारखान्यात तीनशे माणसं हाताखाली.” ऐकणारे पुरुष चुळबुळ करत उठून जायचे.

आता माझं सांगते. माझं माहेर गागोद्याकडचं. दहावीला गणितात गेले आणि त्याच वर्षी लग्न झालं. नवरा धाटावला कंपनीत, तिन्ही शिफ्टमध्ये. सासरे गावातले वजनदार गृहस्थ; आमच्या वॉर्डाचे मेंबर म्हणून कैक वर्षं तेच निवडून यायचे. सासऱ्यांना मी मामा म्हणत असे. नव्वदच्या दशकात बायकांसाठी जागा राखीव झाल्या आणि एका निवडणुकीला आमचा वॉर्ड बायकांकडे गेला. सासूबाई हयात असत्या तर त्यांचं नाव गेलं असतं. त्या नव्हत्या म्हणून माझं गेलं. मला रोह्याला नेलं, तहसील कचेरीत दाखवलं तिथं मी सही केली आणि घरी येऊन भाकऱ्या थापल्या. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते, मुलगी वर्षाची.

पत्रकं पेणहून छापून आली. वर मामांचा फोटो, खाली त्यांचं नाव ठळक, त्याखाली ‘यांच्या सूनबाई’ आणि मग माझं नाव. ते शोधावं लागायचं. निशाणी कपबशी. मामा म्हणाले, “तू काय काळजी करू नको. तुला कुठं जायला नको, काय बोलायला नको.”

मी सही केल्यावर दोन दिवसांनीच कळलं होतं की बाईंनीही अर्ज भरलाय. त्यांना शिलाई मशीन निशाणी मिळाली होती. बाई प्रचाराला निघाल्या की सुरुवातच अशी करायच्या, “मला शिवता येत नाय हे आधीच सांगते. निशाणी सरकारने दिलीय.”

आणि मग एका सकाळी आमच्या चौकटीवर बोटं वाजली. बाई अंगणात दोन पावलं मागं जाऊन उभ्या होत्या. मामा ओटीवर चहा घेत होते.

“या बाई, बसा.”

“उमेदवार घरात आहेत का?”

“बोला ना. मीच आहे.”

“तुम्ही नाय. तुमचा फोटो आहे. उमेदवार कुठंयत?”

मामांनी मला हाक मारली. मी पदराला हात पुसत बाहेर आले. त्याआधी बाई मला रस्त्यात भेटल्या की “काय गो, पोरगी बरी हाय ना?” असं विचारायच्या. त्या दिवशी त्यांनी हात पुढं केला. मला कळेना काय करायचं. शेवटी त्यांनीच माझा ओला हात हातात घेतला आणि दाबला. तोवर माझ्याशी कुणी हात मिळवला नव्हता.

“मी तुमच्या विरुद्ध उभी आहे,” बाई म्हणाल्या. “एकमेकींना भेटावं म्हणून आले. एकच विचारते. तुम्ही का उभ्या राहिलात?”

मी मामांकडे बघितलं. मग खरं होतं तेच सांगितलं, “मामांनी सांगितलं म्हणून.”

मामा हसले. बाई हसल्या नाहीत. “उत्तर प्रामाणिक आहे,” त्या म्हणाल्या, “पण अपुरं आहे. चार दिवसांनी परत येते.” आणि गेल्या. त्या दिवसापासून निवडणूक होईपर्यंत त्या मला तुम्ही म्हणत राहिल्या. उमेदवाराला अरेतुरे करत नाहीत, म्हणाल्या.

चार दिवसांनी त्या खरंच आल्या, मामा घरी नसताना, मागच्या दारानं. मी भांडी घासत होते. त्या पायरीवर बसल्या आणि विचारलं, “कुणी सांगितलं नसतं, तुमचं तुम्हीच उभ्या राहिला असता, तर कशासाठी?”

मी बराच वेळ तवा घासत राहिले. मग म्हणाले, “खाजणाकडच्या झाडीसाठी.”

हे नीट सांगायला हवं. आमच्या घरी फोन होता, टीव्ही होता, संडास नव्हता. गावात दोन-चार घरं सोडली तर कुणाकडेच नव्हता. खाजणाच्या, म्हणजे खाडीलगतच्या दलदलीच्या, कडेला दाट झाडी होती, तिथं आम्ही बायका जायचो. निवडणुकीच्या आदल्या वर्षी मामांनी मेंबर म्हणून ती सगळी तोडून घेतली आणि जमीन सपाट केली, ट्रक उभे राहावेत म्हणून. गावात त्याचं कौतुक झालं. आम्हा बायकांना आडोसा राहिला नाही. उजाडायच्या आत जायचं, नाहीतर अंधार पडेपर्यंत थांबायचं. मला तेव्हा सातवा महिना होता. मी दिवसभर पाणी प्यायची नाही. त्याचा जो व्हायचा तो त्रास झाला, डॉक्टरांनी कारण विचारलं, आणि मला ते नवऱ्यासमोर सांगता आलं नाही.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. “माझ्या परड्यात संडास हाय,” त्या म्हणाल्या. “त्याची कडी दिवसातनं दहादा वाजते. कोण येतं, कोण जातं, मी बघत नाय. मला हे ठाऊक होतं.”

“मग तुम्ही बोला ना सभेत. तुम्हाला सगळ्या बायका मतं देतील.”

“मी बोलले तर लोक म्हणतील, बाईंच्या घरात हाय, यांना काय त्याचं. तुमचे सासरे म्हणतील, विरोधातली बाई, ती बोलणारच. तुम्ही बोललात तर कुणाला काय म्हणता येणार?”

“मला नाय जमणार, बाई.”

“बरं. मग मीही बोलत नाय, तुम्हीही बोलू नका. बायका थांबतील अंधार पडायची वाट बघत. चालेल?”

त्या उठल्या, बुटांची नाडी बांधली आणि म्हणाल्या, “हे तुमचं आहे. मी ते उचलणार नाय. उद्या दुपारी नदीवर धुणं घेऊन या.”

दुसऱ्या दिवशी मी धुणं घेऊन गेले तर बाई बांधावर, माझ्यापासून चांगल्या पन्नास पावलांवर, छत्री उघडून उभ्या होत्या. तिथून ओरडल्या, “नाव सांगा.”

मी नाव सांगितलं.

“ऐकू आलं नाय.”

धुणं धुणाऱ्या बायका हसायला लागल्या. मी पुन्हा सांगितलं. पुन्हा ऐकू आलं नाही. चौथ्या वेळी मी इतक्या मोठ्यानं ओरडले की पलीकडच्या तीरावरच्या गुराख्यानं वळून बघितलं. “आता आलं,” बाई म्हणाल्या. “उद्या नाव आणि एक वाक्य.”

असे आठ दिवस गेले. बाकीच्या बायकांनाही मजा वाटायला लागली. त्याही आपापली नावं ओरडायच्या, नवऱ्याचं नाव न जोडता. गावभर झालं की बाई आपल्याच विरोधकाला शिकवतायत. मामांच्या कानावर गेलं तेव्हा ते पोट धरून हसले. “म्हातारीचं डोकं फिरलंय,” म्हणाले. “शिकवू दे. आपलं काय जातंय?”

ते हसले त्याचं कारण होतं. गावात एक कुजबुज सोडून दिलेली होती, की बाईंचं तिकीट आलंय, त्या बहिणीकडे कायमच्या जाणार, त्यांना मत देणं म्हणजे मत पाण्यात. आमच्या घरातूनच ती निघाली होती, हे मला माहीत होतं. आमची मोठी प्रचारफेरीही शनिवारी ठेवली, बाई घराबाहेर पडत नाहीत त्या दिवशी. मी त्या फेरीत पुढं चालत होते. बाई ओटीवर बसलेल्या होत्या. मी समोरून गेले तेव्हा त्यांनी मला नमस्कार केला, उमेदवाराला करतात तसा.

मग बाईंनी सभा मागितली. अमेरिकेत सगळे उमेदवार एकाच व्यासपीठावर बसतात आणि लोक विचारतील त्याची उत्तरं देतात, तसं आपणही करू. मामांनी हो म्हटलं. नाही म्हटलं असतं तर लोक म्हणाले असते घाबरले, आणि बोलायचं तर आपणच आहोत, असा त्यांचा हिशेब. रविवारी संध्याकाळी शाळेच्या पडवीत लोक जमले. बायका एवढ्या आल्या की अंगणही भरलं. पडवीत बाईंनी दोनच खुर्च्या मांडल्या होत्या. एकीवर त्या बसल्या, दुसरीवर मी. मामा वर चढायला लागले तेव्हा अंगणवाडीच्या बाई, ज्या प्रश्न घेणार होत्या, त्या म्हणाल्या, “तुमची खुर्ची खाली हाय, पहिल्या रांगेत.”

पहिला प्रश्न बाईंनाच आला. आमच्याच बाजूच्या एका माणसानं विचारला. “बाई, तुमची सगळी माणसं गेली. तुम्हीही आज ना उद्या जाणार. मग तुम्हाला मत कशाला द्यायचं?”

मला त्यांचे हात दिसत होते, त्यांनी ते लुगड्यात धरून ठेवले होते.

“माझ्या बहिणीला तिकडे हेच विचारलं होतं,” त्या म्हणाल्या. “एवढ्याच मोठ्या सभेत. तू कुठनं आलीस आणि परत कधी जाणार? मी मागं बसले होते. ती म्हणाली, माझी मुलं तुमच्या शाळेत शिकतात, मी कुठं जाऊ? मला मुलं नाहीत. पण हे विचारणारा माझ्या वर्गात होता. त्याला मी पाटीवर हात धरून अक्षर गिरवायला लावलंय. त्यानं मला मत देऊ नये, ते त्याच्या हातात आहे. पण मी इथली नाय असं त्यानं म्हणू नये. माझी आई, माझा बाप, माझा नवरा, तिघंही याच मातीत आहेत. मी पण इथंच जाणार.”

त्या माणसानं खाली मान घातली आणि बसला.

मग अंगणवाडीच्या बाईंनी मला विचारलं, “तुम्ही निवडून आलात तर पहिलं काम कुठलं कराल?”

मामा पहिल्या रांगेतून उठले. “मी सांगतो. पहिलं काम म्हणजे...”

“त्यांना विचारलंय,” माझ्या शेजारच्या खुर्चीवरून बाई शांतपणे म्हणाल्या.

मी उभी राहिले. समोर सगळी ओळखीची तोंडं होती आणि एकही ओळखू येत नव्हतं. मागं भिंतीशी माझा नवरा उभा होता. फर्स्ट शिफ्ट सुटून कंपनीच्याच कपड्यांत आला होता, आणि मुलगी त्याच्या खांद्यावर झोपली होती. मी पूर्ण नाव सांगितलं. मग म्हणाले, “आम्हा बायकांना सकाळी जायला जागा नाय.”

मी पुढं बोलत राहिले, कारण थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. “खाजणाकडची झाडी तोडली. तिथं आता ट्रक उभे राहतात. ट्रकला जागा हाय, आम्हाला नाय. मला सातवा महिना होता तेव्हा मी दिवसभर पाणी प्यायची नाय. इथं बसलेल्या किती बायका पाणी पीत नाहीत ते त्यांना विचारा. झाडी आमच्याच घरानं तोडली. म्हणून आमच्याच घरानं हे बांधून द्यायचं. निवडून आले तर मी पहिल्यांदा बायकांसाठी संडास बांधून घेणार. नाय आले तर बाईंकडे मागायला जाणार.”

एवढंच बोलले. मागून कुणीतरी म्हातारी म्हणाली, “खरं बोलतेय पोर.” मग दुसरी म्हणाली, “व्हय, खरं हाय.” पुरुष जमिनीकडे बघत होते. मामा उठून चालते झाले. नवरा तिथंच उभा राहिला. तो खाली बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. घरी जाताना वाटेत त्यानं एवढंच विचारलं, “डॉक्टरांकडे तू हे का नाय बोललीस?” मी म्हटलं, “तेव्हा बोलता येत नव्हतं.”

मामा तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. अर्ज मागे घ्यायची मुदत कधीच उलटून गेली होती, त्यामुळे ज्या सुनेनं भर सभेत नाव घालवलं तिच्याचसाठी त्यांना घरोघर मतं मागावी लागली. चौथ्या दिवशी जेवताना म्हणाले, “आता बोललीच आहेस तर लोकांना मी असं सांगतो, की संडासाची कल्पना माझीच.” मी त्यांना आमटी वाढली.

मोजणी रोह्याला झाली. बाई पेन्सिल-कागद घेऊन आल्या होत्या. सगळी मोजणी त्यांनी उभ्यानं बघितली. माझ्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे वाढत गेले आणि त्यांचा एक गठ्ठा काही केल्या मोठा होईना. तोवर मला वाटत होतं की बाई मला शिकवायलाच उभ्या राहिल्यात, त्यांना हार-जीत सारखीच. शेवटचा आकडा सांगितला तेव्हा त्यांनी कागदाची घडी घालायला घेतली आणि ती त्यांना घालता येईना. त्यांना जिंकायचं होतं. गावानं आपल्याला आपलं म्हणावं, असं त्यांना फार वाटत होतं, आणि त्या संडासाचं स्वतः बोलल्या असत्या तर कदाचित जिंकल्याही असत्या. मी जवळ जायच्या आत त्या बाहेर पडल्या, एसटी धरली.

संध्याकाळी घरी गुलाल, माणसं, चहाचे कप. फोन वाजला. मामांनी उचलला आणि वैतागून माझ्याकडे दिला, “म्हातारी आहे. म्हणते, विजयी उमेदवाराला द्या.”

बाईंकडे फोन नव्हता. त्या नाक्यावरच्या टेलिफोन बूथवर गेल्या होत्या, आमच्या घरापासून दोनशे पावलांवर. इतक्या जवळून तुम्ही फोन का केलात, असं मी विचारणार होते, पण त्या आधीच बोलायला लागल्या.

“तिकडे हरणाऱ्यानं त्याच दिवशी जिंकणाऱ्याला फोन करायचा असतो,” म्हणाल्या. “तर करतेय. मी हरले हे मला मान्य आहे. तुमचं अभिनंदन. आजपासून तुम्ही माझ्याही मेंबर.” मग म्हणाल्या, “आणि आता तुला तुम्ही म्हणायचं संपलं. पोरगी जेवली का गो?”

पहिल्या मीटिंगला मामा माझ्याऐवजी जायला निघाले होते. रीतच होती, बायको किंवा सून मेंबर असली की पुरुष जाऊन बसायचा, सही घरी यायची. पण बाई सकाळीच पंचायतीच्या ऑफिसात जाऊन खिडकीजवळच्या बाकावर बसल्या होत्या. मामा आत शिरताच त्यांनी ग्रामसेवकाला विचारलं, “यांना कुणी निवडून दिलंय?” ग्रामसेवक बाईंचाच विद्यार्थी. मामा परत आले. मला म्हणाले, “जा बाई तूच. ती म्हातारी तिथं मुक्काम ठोकून बसलीय.” पुढं पाच वर्षं मी एकही मीटिंग चुकवली नाही. तब्येत बरी होती तोवर बाईंनीही नाही. त्या तिथं बसून एक शब्द बोलत नसत, फक्त ऐकत. मी कुठं अडखळले की त्या कानामागं हात धरायच्या, आणि मी आवाज वाढवायची.

संडास बांधायला दोन वर्षं गेली. आधी जागेवरून भांडण, मग मंजुरी, मग ठेकेदार पळाला. शेवटी सहा दारांची पक्की इमारत उभी राहिली, आणि पाण्यासाठी टाकी. उद्घाटनाला आमदार नको, म्हणून मी हट्ट धरला. पहिली कडी बाईंनी उघडली.

त्यानंतरच्या पावसाळ्यात त्यांना ताप आला, आणि रोह्याच्या दवाखान्यात आठवडाभरात त्या गेल्या. शेवटची प्रार्थना म्हणायला त्यांच्या लोकांचे दहा पुरुष लागतात. ते पेण-अलिबागेकडून जमवून आणावे लागले. खांदा मात्र गावानं दिला. माझा नवरा नाइट शिफ्ट करून थेट तिकडेच आला होता. ज्यानं सभेत तो प्रश्न विचारला होता, तो माणूसही पुढं होता.

वर्षभरानं त्यांची बहीण अमेरिकेहून आली. घर बंद करायचं होतं, कागदपत्रं करायची होती. केस बारीक कापलेली, पँट घातलेली साठीची बाई, पण तोंड उघडलं की आमच्यासारखी बोलायची. ती आमच्याकडे आली आणि म्हणाली, “मला पंचायतीचं ऑफिस दाखव. बाई कुठल्या खुर्चीवर बसायची ते बघायचंय.”

ती मोठ्या बहिणीला बाईच म्हणायची, हे मला तेव्हा कळलं.

मी विचारलं, “कुठली खुर्ची?”

“मेंबरची. निवडून आली ना ती.” तिनं पर्समधून पत्र काढलं. बाईंचं ते टपोरं, पाटीवर गिरवल्यासारखं अक्षर. एका ओळीखाली बहिणीनं पेनानं रेघ मारली होती. “आपल्या वॉर्डातून बाई निवडून आली. भर सभेत न घाबरता बोलली. तुझ्या तिथल्या सभेची आठवण झाली.”

मी ती ओळ दोनदा वाचली. बाईंनी ते सहज लिहिलं होतं, की बहिणीनं काय समजायचं ते समजावं म्हणून लिहिलं होतं, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. जन्मभर मुलांची वाक्यं तपासणाऱ्या बाईंना त्या वाक्याचे दोन अर्थ दिसले नसतील, असं वाटत नाही.

“हे आलं तेव्हा मी पुन्हा उभी राहायचं नाय असं ठरवून बसले होते,” बहीण सांगत होती. “एकदा हरले ते पुरे झालं होतं. मग वाटलं, या वयात, त्या गावात, बाई जर निवडून येते तर मला काय झालंय? फॉर्म भरला. आले निवडून. मी तिला तसं कळवलंही. तिनं उलट टपाली लिहिलं की फार आनंद झाला.”

खोटं बोलणं सोपं होतं. माझी खुर्ची दाखवली असती की झालं असतं. पण बाईंनी मला जे शिकवलं होतं त्यात ते बसत नव्हतं.

“बाई हरल्या होत्या,” मी म्हटलं. “पत्रातली निवडून आलेली बाई म्हणजे मी.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग पत्राकडे. मग तिनं चष्मा काढला आणि हसायला लागली, आणि हसता हसताच डोळे पुसले.

“म्हणजे मी तुझ्यामुळे मेंबर झाले,” ती म्हणाली.

“आणि मी तुमच्यामुळे.”

मी चहा ठेवला. आम्ही बराच वेळ बोललो. तिच्या शाळा कमिटीत छपराच्या दुरुस्तीवरून काय भांडण चाललंय ते तिनं सांगितलं, आमच्या नळयोजनेवरून काय चाललंय ते मी सांगितलं. चहा झाल्यावर तिनं दफनभूमीची वाट विचारली. वाट झाडोऱ्यानं भरलेली होती, म्हणून मी कोयता घेतला, आणि आम्ही दोघी मेंबर बाईंना भेटायला निघालो.